दहा कांड्या आणि एक पंखा

पंखेकाकांनी आयुष्यात एकही चूक केलेली नव्हती. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. घरात त्याला दुजोरा देणारं कुणी नव्हतं, पण तोंडावर खोडून काढायच्या भानगडीतही कुणी पडत नसे. एकदा एका लग्नाला निघताना ते काकूंना घेऊन उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले. पाऊण तासाने बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली, कंडक्टर आपला जेवणाचा डबा उघडून बसला, तेव्हा काका खाली उतरले, चारी बाजूंना बघत एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "मला इकडंच यायचं होतं. इथली हवा चांगली आहे." काकू त्या दिवशी जरीच्या साडीत एका पेट्रोल पंपासमोर उभ्या राहून हवा खात होत्या. त्याला आता तीस वर्षं झाली, पण तो विषय काढला की काकूंच्या आवाजाला अजून धार येते.

हवेच्या बाबतीत मात्र काकांच्या शब्दाला किंमत होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत, न्हाव्याच्या दुकानाला चिकटून, चाळीस वर्षं त्यांचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. जळालेला पंखा आला की ते त्याची काळी पडलेली तार काढत, हाताने फिरवायच्या वाइंडिंग मशीनवर नवी तांब्याची तार वेढ्यांवर वेढे मोजत भरत, वार्निश लावत आणि पंखा चालू करून बोटांची मागची बाजू मोटारीला टेकवत. मग तोंडातल्या तोंडात आकडे. पाचपर्यंत हात टिकला तर मोटार ठणठणीत. तीनलाच हात काढावा लागला तर पुन्हा उघडायची. थर्मामीटर वगैरे प्रकाराला ते नाक मुरडत. पंखा टांगल्यावर छताला लागून जी वाटी असते, तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायची हा त्यांचा शेवटचा संस्कार. गावातल्या निम्म्या छतांना, कुणाला न दिसणाऱ्या जागी, काकांचं अक्षर आहे.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे त्यांचा एकही पंखा कधी उलटा फिरला नाही. मोटारीतून तीन तारा बाहेर येतात. त्यातल्या दोन तारांची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो आणि वारा माणसाला लागण्याऐवजी छताला लागतो. शिकाऊ लोक हमखास तिथं फसतात. म्हणून बाकीचे कारागीर तारांना रंगीत नळ्या घालतात. काका घालत नसत. "रंग उडतात, हात विसरत नाही," असं ते म्हणायचे. दोन गल्ल्या पलीकडच्या एका कारागिराने एकदा असा उलटा पंखा दिला होता. काकांनी त्याला पुढची बावीस वर्षं 'उलटे शेठ' याशिवाय दुसरं नाव ठेवलं नाही.

मग नवे पंखे इतके स्वस्त झाले की जुने दुरुस्त करायला कुणी येईना. काकांनी दुकान बंद केलं, टेबल आणि वाइंडिंग मशीन घराच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं आणि पुढचे दोन महिने गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. रिकाम्या हातांचा माणूस घरात किती जागा अडवतो ते काकूंना तेव्हा कळलं. ते फ्रिजच्या पाठीला हात लावत. टीव्हीच्या पाठीला लावत. एकदा काकू ओट्याशी उभ्या असताना त्यांच्याही पाठीला बोटांची मागची बाजू टेकवून उभे राहिले. "तापले नाहीये मी," काकू म्हणाल्या, "पण तापेन."

अशा दिवसांत काकूंचा धाकटा भाऊ एका सकाळी बुटांचं खोकं घेऊन आला. हा मेहुणा म्हणजे नव्या वस्तूंचा वेडा. दर वर्षी एक नवं खूळ घ्यायचं आणि दर वर्षी जुनं बहिणीच्या घरी आणून टाकायचं. खोक्यात पेनड्राइव्हपेक्षा जराशा मोठ्या दहा काड्या होत्या, पाठीवर काळ्या पन्हाळीदार पत्र्याचा तुकडा लावलेल्या.

"भावोजी, या यूएसबीत खुपसायच्या. आत एक चिप आहे, ती दिवसभर गणितं करते. सुटलं गणित तर इंटरनेटवरचं नाणं मिळतं."

"किती मिळालं तुला?"

"मिळतंय कसलं! आता मोठमोठी मशीनं आलीत. याच्यात वीज जळते तेवढंही सुटत नाही. भंगारात टाका, नाहीतर शोकेसमध्ये ठेवा."

काकांना त्या नाण्यात काडीचा रस नव्हता. त्यांनी एक काडी कानाजवळ नेऊन हलवली. आत काही हलत नव्हतं, काही फिरत नव्हतं. "मग हा पत्रा कशाला?"

"तापतात ना! चटका बसतो. वारा द्यावा लागतो."

बस. काकांनी मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं, आणि काकूंनी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर बरंही वाटलं त्यांना. पण तसं दाखवून कसं चालेल?

त्या दिवसापासून त्या काड्यांच्या 'कांड्या' झाल्या आणि मागची खोली जिवंत झाली. जुना लॅपटॉप आला, मेहुण्याने त्यात काय ते घालून दिलं, एक दहा तोंडांचा हब आला. पहिल्या चार कांड्या खुपसल्या, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. पाचवी लावली आणि पहिली विझली. सहावी लावली तर तिसरी आणि चौथी दोघी रुसल्या. मेहुणा म्हणाला, चिपा खराब असतील. काकांनी हबबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर उलटा करून चष्मा कपाळावर सरकवून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि हसायलाच लागले.

"अरे, एकेक कांडी अर्धा अँपिअर खाते असं तूच म्हणालास ना? दहांचे पाच झाले. आणि हा बिचारा दोनचा! दोनाच्या जिवावर पाचाचा संसार मांडलायस. उपाशी पोरं रुसणार नाहीत तर काय करणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ अँपिअरचा एक दणकट सप्लाय मिळवला. हबची केसासारखी बारीक वायर कापून टाकली, कारण तेवढ्या वायरीतून पाच अँपिअर न्यायचे म्हणजे वाटेतच निम्मा दम जातो, आणि तिथं स्वतःच्या हाताने जाड तार डाख देऊन जोडली. दहाच्या दहा कांड्या पेटल्या. काकांनी बोटांची मागची बाजू एकीच्या पत्र्याला लावली. "एक, दो…" म्हणेपर्यंत हात मागे. ते बोट तोंडात घालून उभे राहिले, आणि चेहरा असा की लॉटरी लागली.

वाऱ्याचं काम म्हणजे घरचंच. पण इथंच घोडं अडलं. मेहुण्याने दिलेले दोन यूएसबी पंखे तळहाताएवढे, प्लास्टिकचे, आणि डासाला राग आला तर जसा आवाज करेल तसा आवाज करणारे. काकांना ते पाहूनच अपमान झाल्यासारखं वाटे. तरी त्यांनी लावले, कारण कांड्या जगवायच्या होत्या.

आवाज पलीकडच्या खोलीत पोचला. तिथं सूनबाई होत्या.

काकांचा मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सूनबाई घरीच काम करत. ज्यांना दिसत नाही अशा मुलांच्या एका संस्थेसाठी त्या शालेय पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करत. आवाज स्वच्छ, समजूतदार, ऐकत राहावा असा. पण त्यांच्या खोलीची आणि मागच्या खोलीची भिंत म्हणजे नावाला. तिसऱ्या दिवशी त्या लॅपटॉप घेऊन बाहेर आल्या.

"बाबा, ऐका हं जरा." त्यांनी रेकॉर्डिंग चालू केलं. इतिहासातली एक लढाई चालली होती आणि तिच्या मागे सगळीकडे चिंऽऽ असा सूर होता. "संस्थेने धडा परत पाठवला. म्हणाले, लढाईत डास फार आहेत."

सूनबाई हसत म्हणाल्या, पण काकूंना हसू आलं नाही. काकूंचं त्या वाचनावर प्रेम होतं. दार बंद असलं की त्या बाहेर भाजी निवडत कान लावून बसत. आठवीपर्यंतचा भूगोल त्यांचा अशाच रीतीने पुन्हा झाला होता.

"हे बघा," त्या काकांना म्हणाल्या, "तिचं काम कुणाच्या तरी उपयोगाचं आहे. तुमच्या कांड्या कुणाच्या उपयोगाच्या आहेत ते तुम्ही सांगा."

तापलेलं काही हाताखाली असलं की मला मी आहे असं वाटतं, हे वाक्य काकांना सापडत नव्हतं, आणि सापडलं असतं तरी त्यांनी ते म्हटलं नसतं.

"रविवारपर्यंत," काकू म्हणाल्या. "रविवारी अकरा वाजता ही एक पान वाचेल, तुमचं सगळं चालू असताना. मागे चूं जरी ऐकू आलं, तर मागची खोली तिची. कांड्या भावाच्या घरी परत, आणि टेबल, ते मशीन, सगळं गावातल्या तांत्रिक शाळेला देऊन टाकायचं. ते कधीपासून मागतायत."

वाइंडिंग मशीनचं नाव निघालं तसा काकांनी त्याचा दांडा धरला. त्या मशीनच्या दांड्याला त्यांच्या तळहाताचा आकार आलेला होता. ते गेलं की आपण पंखेकाका नाही, नुसते काका, हे त्यांना लख्ख दिसलं.

प्लास्टिकचे पंखे त्यांनी त्याच क्षणी उपटले. मग खोलीतला छताचाच पंखा, छोट्या पात्यांचा, रेग्युलेटरवर हळू करून पाहिला. हळू केला की रेग्युलेटर गुणगुणे. जोरात केला की वारा टेबलावर आदळून भिंतीवरचं कॅलेंडर फडफडे. कॅलेंडर काढलं तर कागद. कागद उचलले तर झरोक्याची झडप. सूनबाई भिंतीपलीकडून सांगत, "बाबा, आता टकटक येतंय." वारा म्हटला की तो कशाला तरी हात लावणारच.

शुक्रवारी काकांनी ठरवलं. पंखाच खाली उतरवायचा आणि नव्याने वाइंडिंग करायचं. बारीक तार, जास्त वेढे. म्हणजे रेग्युलेटरशिवायच पंखा जात्यासारखा सावकाश फिरेल. वारा मंद, आवाज शून्य. शनिवारचा अख्खा दिवस ते मशीनपाशी होते. वेढे मोजताना त्यांचे ओठ हलत, आणि काकूंनी चहाचा कप ठेवला तर फक्त भुवई हलवत. संध्याकाळी तारा जोडायच्या वेळी टेबलावर वार्निश सांडलेलं, म्हणून त्यांनी पंखा जेवणाच्या टेबलावर आणला. काकूंनी खाली तीन वर्तमानपत्रं घातली आणि बजावलं, "तेलकट बाजू खाली नको हं!" म्हणून काकांनी मोटार, छताला टांगायच्या दांड्याची बाजू वर करून, एका पालथ्या पातेल्यावर ठेवली.

दुकानात चाळीस वर्षं मोटार दांडा खाली करून ठेवायचे. पण त्या क्षणी हे कुणाच्या डोक्यात असणार? डावीकडची तार इकडे, उजवीकडची तिकडे, काकांचे हात आपोआप चालत होते. ते तोंडाने सूनबाईंना सांगत होते की हात कसा विसरत नाही.

रविवारी साडेदहाला पंखा टांगला गेला. खाली टेबलावर दहा कांड्या, दोघींमध्ये बोटभर फट राहील अशा लावलेल्या, मधून हवा जायला वाट. मेहुणा निकाल ऐकायला आलाच होता. काकूंनी घड्याळ पाहिलं, सूनबाईंनी आपल्या खोलीचं दार लावलं, आणि काकांनी बटण दाबलं.

पाती सुटली. अजिबात आवाज नाही. मेहुण्याने टाळी वाजवायला हात उचलले, तर काकूंनी डोळ्यांनीच ते खाली आणले.

काका वर बघत होते, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पंखा उलटा फिरत होता.

त्यांना समजायला अर्धा फेरा पुरला. पालथं पातेलं, दांडा वर, डाव्याची उजवी. चाळीस वर्षं! आणि आज, या खोलीत, या दिवशी! आतून सूनबाईंचं वाचन सुरू झालेलं. आता बंद करावा तर बटणाचा खटका ऐकू जाणार. ते पंख्याखाली उभे होते आणि त्यांच्या टकलाला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नव्हती. उलटे शेठ, ते मनात म्हणाले, आणि त्यांना त्या माणसाची पहिल्यांदाच दया आली. आता कांड्या तापणार, एकेक दिवा थांबणार, आणि शाळेचा टेम्पो येणार.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बोटांची मागची बाजू एका कांडीला टेकवली. एक. दोन. तीन. चार. पाच.

त्यांनी हात काढून बोटांकडे पाहिलं. पुन्हा टेकवला. सहा, सात, आठ. दुसरी कांडी. आठ, नऊ, दहा. तिसरी. मग त्यांनी खाली वाकून टेबलाच्या कडेशी गाल नेला. दाराखालच्या फटीतून गार हवा हळूच आत येत होती, कांड्यांच्या मधल्या वाटांतून जात होती आणि वर चढत होती. ट्यूबलाइटला लोंबणारा कोळिष्टकाचा एक धागा सरळ झरोक्याकडे बोट दाखवत उभा होता. पंखा वारा टाकत नव्हता, ओढत होता. कागद आपल्या जागी, झडप आपल्या जागी. ऊन हवा मुळातच वर जायला निघालेली, आणि पंखा तिला फक्त हात देत होता. हे चाळीस वर्षांत आपल्याला कधी सुचलं नाही, याचं काकांना इतकं नवल वाटलं की ते घाबरायचंच विसरले.

दार उघडलं. सूनबाई लॅपटॉप घेऊन आल्या, टेबलाच्या टोकाशी ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. चौघं श्वास रोखून ऐकत होते. नदी डोंगरातून निघते, दगडांवरून धावते, मैदानात आली की सावकाश होते. मागे काही नाही. एकदा लांबून चिमणी. नदी दोन काठांमधून, "नव्हे, चुकलं, पुन्हा घेते," आणि सूनबाई तेच वाक्य तितक्याच आनंदाने पुन्हा वाचत पुढे गेल्या. जसा रस्त्यातला खडा बाजूला करावा आणि चालू लागावं, तसं.

पान संपलं. काकूंनी निकाल दिला नाही, पण पदराने वाइंडिंग मशीनवरची धूळ पुसायला घेतली. तोच निकाल.

तेवढ्यात मेहुण्याने मान वर केली. "भावोजी, हा पंखा… उलटा फिरतोय का हो?"

सूनबाईंनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अय्या, खरंच की! मुद्दाम लावलात ना बाबा? ऊन हवा वर खेचायला? केवढी हुशारी!"

तयार ताट पुढ्यात आलेलं होतं, फक्त हात घालायचा होता. काकूंनी पुसणं थांबवलं. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. मला इकडंच यायचं होतं. काकांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण कानात अजून ती नदी होती, आणि नदीच्या मधोमध तो एवढासा, हसरा शब्द.

"नाही," काका म्हणाले. "चुकलं."

"काय?" काकू म्हणाल्या.

"चुकलं माझं. दांडा वर ठेवला आणि तारा उलट्या जोडल्या. चालू केल्यावर कळलं." आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. "चाळीस वर्षं त्या बिचाऱ्याला उलटे शेठ म्हणत आलो गं मी! आणि उलटाच पंखा कामाला आला!"

बावीसची चाळीस झाली होती, पण आज ते कुणी दुरुस्त केलं नाही. काकू मशीनचा दांडा धरून उभ्या होत्या. पेट्रोल पंपासमोरची ती सगळी दुपार अंगावरून उतरल्यासारखी वाटत होती.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझं ते यंत्र चालू आहे का गं? नसेल तर कर चालू. हे मला ठेवायचंय."

"एकदाच म्हणणार," काका डोळे पुसत म्हणाले. "हवं तर लिहून देतो."

त्यांनी पंखा बंद केला, स्टूल ओढलं, कानावरची पेन्सिल घेतली आणि वर चढले. काकूंनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. छताजवळची वाटी खाली सरकवून काकांनी आतल्या बाजूला लिहिलं. नेहमीपेक्षा बराच वेळ लिहीत होते.

"काय लिहिलंत? मला खालून दिसत नाहीये."

"वर येऊन वाच."

ते उतरले. आता त्यांनी स्टूल धरलं आणि काकू, एकसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांना शिव्या देत, भावाच्या डोक्याचा आधार घेत वर चढल्या. वाटीच्या आत आजची तारीख होती. खाली काकांच्या त्या सुबक अक्षरात दोन ओळी होत्या: 'चुकून उलटा बसला. तसाच ठेवला आहे, कारण हवा चांगली आहे.'

काकू इतक्या हसल्या की स्टूल गदगदा हलायला लागलं, आणि काकांना ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावं लागलं.